पल्ला

विजेवर चालणाऱ्या वाहनांच्या जाहिरातींत ‘रेंज’ हा शब्द आता सरसकट दिसतो. मराठीत त्यासाठी ‘पल्ला’ हा जुना आणि अधिक कसदार शब्द आहे. तोफेला पल्ला असतो, आवाजाला असतो, प्रवासाला तर असतोच. पल्ला गाठायचा असतो. म्हणजे त्या शब्दात अंतर जसे आहे, तसा ते कापणाराही आहे. रेंज हा यंत्राचा गुणधर्म झाला. पल्ला ठरतो तो यंत्र, रस्ता आणि जाणाऱ्याची इच्छा या तिघांच्या मेळातून. डोंबिवलीत राहणाऱ्या माझ्या मावशीच्या मोबिलिटी स्कूटरसाठी गेल्या वर्षी नवी बॅटरी शोधताना ठाणे, डोंबिवली आणि कल्याण अशा अनेक फेऱ्या झाल्या. त्या फेऱ्यांत जो तो रेंजविषयी बोलत होता. पल्ल्याविषयी बोलत होती ती एकटी मावशी.

मोबिलिटी स्कूटर म्हणजे आपल्या ओळखीची स्कूटर नव्हे. चार लहान चाके, एक फिरती खुर्ची, पुढे हँडल आणि माणूस भरभर चालेल एवढाच वेग. आपल्याकडे ती अजून विरळाच. सरकारी योजनेतून मिळते ती बहुधा कानपूरच्या ‘अलिम्को’ने बनवलेली मोटरची तीनचाकी सायकल, आणि तिलाही तीव्र अपंगत्वाची अट असते. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात अपंग व्यक्तीसाठी खास बनवलेल्या वाहनाला २०१९ च्या दुरुस्तीपर्यंत ‘इनव्हॅलिड कॅरेज’ असे नाव होते. इंग्रजीत या शब्दाचे उच्चार दोन आणि अक्षरे तीच: एका उच्चारात तो ‘आजाराने पंगू झालेला’ असतो, दुसऱ्यात ‘रद्दबातल’. कायदा करणाऱ्यांच्या मनात पहिलाच अर्थ होता, यात शंका नाही. पण या गाडीवर बसून रस्त्यावर उतरणाऱ्याला लोकांच्या नजरेत दुसराही अर्थ अधूनमधून वाचायला मिळतो.

मावशी तेहेतीस वर्षे शाळेत मराठी शिकवत होती. वयाच्या तिसऱ्या वर्षी झालेल्या पोलिओने तिचा उजवा पाय गेला. नोकरीची सगळी वर्षे तिने कॅलिपर लावून, उभ्याने शिकवण्यात काढली. मार्च २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपला विभाग पोलिओमुक्त झाल्याचे प्रमाणपत्र दिले. रोग गेला, तो होऊन गेलेली माणसे मात्र आहेत, आणि त्यांच्यातल्या अनेकांना उतारवयात स्नायूंचा नव्याने अशक्तपणा येतो. आयुष्यभर दुप्पट काम केलेले स्नायू थकतात. मावशीचा डावा, म्हणजे चांगला पाय, साठीनंतर असाच कुरकुरू लागला. २०२२ साली न्यू जर्सीला असलेल्या माझ्या मावसभावाने सुटे भाग होणारी स्कूटर तिच्यासाठी आणली. खुर्चीखालच्या डब्यात बारा व्होल्टच्या दोन सीलबंद शिसे-आम्ल बॅटऱ्या, एकसर जोडणीत. मिळून चोवीस व्होल्ट. प्रत्येकीवर आकडा: बारा अँपिअर-तास.

या गाडीने मावशीला काय दिले ते सांगितले पाहिजे. घराजवळची भाजी आणि औषधे तिला मिळतच होती. कोणीतरी आणून देत होते. गाडीने दिला तो रविवार. डोंबिवली पश्चिमेला तिच्या वयाच्या आठदहा जणींचे वाचकमंडळ आहे. पंधरा दिवसांनी कोणाच्या तरी घरी जमायचे, एका पुस्तकावर बोलायचे. मावशी राहते पूर्वेला. रेल्वेमार्गाने दुभंगलेल्या या शहरात पूर्वेहून पश्चिमेला जाणे ज्यांना जिने चढता येतात त्यांच्यासाठी पाच मिनिटांचे काम आहे. इतरांसाठी उड्डाणपूल. कोपरचा पूल २०१९ ते २०२१ अशी दोन वर्षे पुनर्बांधणीसाठी बंद होता. तो पुन्हा सुरू झाला त्यानंतर काही महिन्यांनी मावशीकडे गाडी आली. रविवारी सकाळी वाहने कमी असताना ती पूल ओलांडते. जाऊनयेऊन साडेसहा किलोमीटर.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात परतताना पुलाच्या चढावर गाडी थांबली. सपाटीवर काटा हिरव्यात होता, चढ लागताच तो लाल झाला आणि मग सगळेच बंद. या गाड्यांची रचना अशी असते, की वीज गेली की ब्रेक आपोआप लागतो. त्यामुळे गाडी मागे घरंगळत नाही हे चांगलेच. पण ती ढकलताही येत नाही. मागचा एक खटका फिरवून मोटर सुटी करावी लागते. तो खटका मावशीला बसल्या जागेवरून पोचत नव्हता. दोन रिक्षावाल्यांनी थांबून, तिने सांगितले तसे करून, गाडी पुलाखाली आणून दिली. तिने मला फोन केला तो घरी पोचल्यावर, आणि तक्रारीच्या सुरात नव्हे. ती म्हणाली, “बॅटरी गेली बहुतेक. तुला वेळ असेल तर चौकशी कर.”

चौकशीला सुरुवात केल्यावर पहिली गोष्ट कळली ती अशी, की बॅटरीला विश्रांतीत विचारले तर ती खोटे बोलते. ठाण्यातल्या एका दुकानदाराने मीटर लावला. दोन्ही बॅटऱ्यांनी साडेबाराच्या वर व्होल्ट दाखवले. “मॅडम, बॅटरी चांगली आहे, गाडीतच काहीतरी असेल,” असे म्हणून त्याने डबा परत दिला. कल्याण पश्चिमेला विजेवरच्या स्कूटर दुरुस्त करणारा एक तरुण कारागीर भेटला. त्याने प्रत्येक बॅटरीला मोटारीच्या पुढच्या दिव्याचे दोन बल्ब जोडले आणि मग मीटर लावला. एक बॅटरी बारावर टिकून राहिली. दुसरी चार मिनिटांत दहाच्या खाली आली. “ही बसलीय. भार दिल्याशिवाय कळत नाही,” तो म्हणाला.

शास्त्र साधे आहे. शिसे-आम्ल बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये शोधली, आणि तिचा मूळ स्वभाव अजून तोच आहे: शिशाच्या पट्ट्या, गंधकाम्ल, आणि वीज देताना पट्ट्यांवर साचणारे शिशाचे सल्फेट. पुन्हा भारित केली की ते विरघळते. पण बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली तर त्याचे कठीण स्फटिक होतात आणि पट्टीचा तेवढा भाग कायमचा निकामी होतो. अंतर्गत रोध वाढतो. मग विश्रांतीत व्होल्ट पुरेसे दिसतात. चढ लागतो, मोटर एकदम तिप्पट प्रवाह मागते, आणि व्होल्ट कोसळतात. पाठ्यपुस्तकांत बॅटरीला ‘विद्युत घटमाला’ असा शब्द आहे. बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा घट, दोन बॅटऱ्यांत बारा. रहाटाच्या घटमाळेत एखादे गाडगे फुटके निघाले तर तेवढेच पाणी कमी येते. विजेच्या माळेचे तसे नाही. इथे प्रत्येक घटातून तोच प्रवाह जावा लागतो, म्हणून सर्वांत दुबळा घट साऱ्या माळेचा पल्ला ठरवतो. जोडीतली एकच बॅटरी बदलू नये, असे सगळे जाणकार सांगतात ते याच कारणाने: नव्या-जुन्याच्या जोडीत जुनी आधी रिकामी होते, आणि तिला रिकामी असतानाही ओढत नेले जाते.

भाराशिवाय घेतलेल्या मापावरून मला मावशीचे अपंगत्वाचे प्रमाणपत्र आठवले. त्यावर लिहिले आहे, साठ टक्के. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार चाळीस टक्क्यांपासून लाभ सुरू होतात, त्यामुळे हा आकडा महत्त्वाचाच. पण तो घेतला गेला तो तपासणीच्या टेबलावर, स्नायूंचा जोर हाताने अजमावून. शाळेच्या दुसऱ्या मजल्यावर वह्यांचा गठ्ठा घेऊन तेहेतीस वर्षे चढलेला पाय कोणत्याही टेबलावर मोजता येत नाही. आणि संध्याकाळी पाच वाजता, दिवसभराच्या वापरानंतर, त्याच पायात किती जोर उरतो तेही नाही. ‘क्षमता’ हा शब्द आपण माणसासाठी आणि बॅटरीसाठी एकच वापरतो. दोन्हीकडे ती मोजतो मात्र निजलेल्या अवस्थेत.

बॅटरी बदलायची हे ठरल्यावर प्रश्न आला, कोणती? बारा अँपिअर-तास, बारा व्होल्ट, पंधरा सेंटिमीटर लांब, दहा रुंद, साडेनऊ उंच. या मापाची बॅटरी बाजारात सहज मिळते असे वाटले होते. मिळते, पण एकाच मापाच्या आणि एकाच आकड्याच्या दोन बॅटऱ्यांचे कूळ वेगळे असू शकते. पहिल्या दुकानात संगणकाच्या यूपीएसची दाखवली. तिच्या अंगावर बारीक अक्षरांत भारणाचे दोन आकडे छापलेले असतात: ‘स्टँडबाय’साठी साडेतेराच्या आसपास व्होल्ट, ‘सायकल’साठी साडेचौदाच्या आसपास. मला ते दोन शब्द फार बोलके वाटले. स्टँडबायची बॅटरी आयुष्यभर भरलेली बसून राहते आणि वीज गेली की दहा मिनिटे कामाला येते. तिचे काम वाट पाहण्याचे. सायकलची बॅटरी रोज रिकामी होते, रोज भरते. यूपीएसची बॅटरी स्कूटरमध्ये चालत नाही असे नाही, चालते. पण ज्या कामासाठी ती बनलेली नाही ते काम रोज दिले तर लवकर थकते. दुसऱ्या दुकानदाराने, आम्ही काही न विचारता, मोटारीची बॅटरी सुचवली. ती तर त्याहून गैरसोयीची: इंजिन सुरू करताना क्षणभर प्रचंड प्रवाह देण्यासाठी तिच्या पट्ट्या पातळ आणि पुष्कळ असतात, खोलवर रिकामी होण्याची सवय तिला सोसत नाही. तिसऱ्याने इन्व्हर्टरचे नाव घेतले. दोन हजारच्या दशकातल्या भारनियमनाने कल्याण-डोंबिवलीच्या घराघरांत इन्व्हर्टर शिरला, आणि बॅटरी म्हटले की पाणी घालायची ती मोठी पेटी, हे समीकरण आपल्या मनात पक्के झाले. तीत आम्ल मोकळे असते आणि वजन उचलायला दोन माणसे लागतात. मावशीच्या गाडीत ती मावणारही नव्हती.

उलगडा केला तो कल्याणच्या त्या कारागिराने. त्याच्याकडे त्याच मापाची, पण विजेवरच्या हळू चालणाऱ्या दुचाकींसाठी बनवलेली बॅटरी होती. तीही सीलबंद, तीही बारा अँपिअर-तासांची. फरक आकड्यामागच्या अध्याहृत शब्दात होता. यूपीएसच्या बॅटरीवरचे ‘बारा’ वीस तासांच्या हिशेबाने असतात: ताशी शून्य पूर्णांक सहा अँपिअर, असे वीस तास. तीच क्षमता तासाभरात उपसून काढली तर बाराऐवजी आठच्या आसपासच हाती लागते. घाईने घेणाऱ्याला बॅटरी कमी देते, हा नियम जर्मनीच्या पॉयकर्ट यांनी १८९७ मध्ये सूत्रात मांडला. दुचाकीच्या बॅटरीवरचे ‘बारा’ मात्र दोन तासांच्या हिशेबाचे: सहा अँपिअर, असे दोन तास. मावशीच्या गाडीचा सपाटीवरचा खर्च साधारण तेवढाच. म्हणजे आकडा तोच, आकार तोच, पण एक बारा पुलाच्या अलीकडे संपणारे आणि दुसरे पलीकडे पोचवणारे. विद्यार्थ्यांना आपण सांगतो, की शब्दाचा अर्थ संदर्भाने ठरतो. आकड्याचाही संदर्भानेच ठरतो, हे बॅटरीच्या दुकानात कळावे याची मला गंमत वाटली.

आता उरला लिथियमचा मुद्दा, आणि खरा पेच तिथेच होता. लिथियम-लोह-फॉस्फेटची बॅटरी वजनाला निम्म्याहून हलकी. शिशाच्या जोडीचे आठ किलो, हिचे तीन-सव्वातीन. शिशाची बॅटरी रोज निम्मी रिकामी केली तर काही शे वेळा भरता येते, ही दोन हजारांच्या घरात. किंमत आम्हांला सांगितली गेली ती जवळजवळ तिप्पट. शिवाय तिला आपला चार्जर हवा, आणि आतले नियंत्रक सर्किट चढावरचा प्रवाह सोसणारे हवे. मावसभावाचे फोनवर म्हणणे असे, “आईला लिथियमच घे. दहा वर्षं बघायला नको.” कल्याणच्या एका दुकानात मावशी स्वतः आली होती, रिक्षाने. तिथल्या माणसाने तिच्याकडे पाहून, अगदी प्रेमाने, मला सांगितले, “आजींना एवढी कशाला? साधी टाका, पुरे होईल.”

दोन्ही वाक्ये आपुलकीने बोललेली होती, आणि दोन्हींत एक वजाबाकी होती. पंच्याहत्तरीला आलेल्या बाईला दहा वर्षे टिकणारी वस्तू घ्यावी की नाही, हा हिशेब दुकानदाराने उघड केला. मुलाने तो उलट बाजूने, न बोलता, नाकारला. त्या क्षणी मलाही काय बोलावे सुचेना. वाहनाची बॅटरी निवडताना आपण खरे तर दुसऱ्याच्या उरलेल्या आयुष्याचे आणि उरलेल्या इच्छांचे माप घेत असतो, आणि हे माप घेण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला हे विचारत नाही. ‘पुरे होईल’ हे कोणाच्या वतीने म्हणायचे? भाजीवाल्यापर्यंत आणि परत, एवढा रस्ता म्हाताऱ्या माणसाला पुरे, हे तर आपण सगळेच गृहीत धरतो. आपल्या कथा-कादंबऱ्यांतली चाकाच्या खुर्चीतली पात्रेही मला आठवतात ती बहुधा खिडकीशी बसलेली, इतरांच्या येण्याची वाट पाहणारी, यूपीएसच्या बॅटरीसारखी. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांनी आपल्या आत्मकथनाला ‘चाकाची खुर्ची’ हे नाव दिले. त्या नावात चाक आधी येते आणि खुर्ची नंतर, हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

मावशीने दुकानदाराला उत्तर दिले नाही. तिने विचारले, “लिथियम संपत आली की कळतं का?” त्याने प्रामाणिकपणे सांगितले, की या गाडीवरचा काटा शिशाच्या बॅटरीसाठी बेतलेला आहे; लिथियमचे व्होल्ट शेवटपर्यंत जवळजवळ सारखे राहतात, त्यामुळे काटा बराच वेळ हिरव्यात राहील आणि मग गाडी एकदम थांबेल. टक्के दाखवणारे वेगळे मीटर बसवावे लागेल. शिशाची बॅटरी हळूहळू मंदावत जाते, चढावर धापा टाकते, आधी सांगते. “मग मला सांगणारी द्या,” मावशी म्हणाली. तिच्या निर्णयात वयाचा हिशेब नव्हता, रस्त्याचा होता. साडेसहा किलोमीटर, एक पूल, दोनदा चढ, आणि वाटेत मदतीला बरोबर कोणी नाही. या रस्त्याला दुचाकीची शिशाची जोडी पुरी पडत होती, असलेला चार्जर चालत होता, आणि थांबण्याआधी इशारा मिळत होता. ज्यांना बॅटरी रोज उचलून न्यावी लागते, त्यांच्यासाठी उत्तर कदाचित लिथियमच असेल.

तो उचलण्याचा प्रश्न मावशीलाही होताच. ती पहिल्या मजल्यावर राहते, इमारतीला लिफ्ट नाही. एक मजला ती कठड्याला धरून सावकाश चढते, पण आठ किलोचा डबा घेऊन नाही. गाडी खाली, प्लग वर; त्यामुळे रोज डबा वर नेण्यासाठी कोणाची तरी वाट पाहणे आणि कोणी न आल्यास बॅटरी अर्धी रिकामी राहणे हे तीन वर्षे चालले होते. आधीची बॅटरी सल्फेटने मारली ती तिथे. खालच्या मजल्यावर एक प्लग मिळावा, हा तिचा अर्ज सोसायटीच्या सभेत दोनदा पुढे ढकलला गेला होता: सोसायटीच्या विजेवर एकाची गाडी कशी भरायची? मी हिशेब मांडून दिला. चोवीस व्होल्ट गुणिले बारा म्हणजे दोनशे अठ्ठ्याऐंशी वॉट-तास. वाया जाणारी वीज धरूनही पूर्ण भरायला अर्ध्या युनिटाहून कमी. मावशीने नवा अर्ज लिहिला, तिच्या जुन्या, शुद्ध, शाळेच्या पत्रव्यवहाराच्या मराठीत: स्वखर्चाने उपमीटर, दरमहा नोंद, आणि २०१६ च्या कायद्यातल्या वाजवी सोयीचा एका ओळीत उल्लेख. तिसऱ्या सभेत तो मंजूर झाला. बॅटरीची खरी निवड, मला वाटते, त्या सभेत झाली. जिन्याखाली प्लग आला नसता, तर दुकानातली कोणतीही निवड सहा महिन्यांत चुकीची ठरली असती.

नव्या जोडीवर कारागिराने आधी उत्पादनाचा महिना दाखवला. दुकानात वर्षभर पडून राहिलेली बॅटरी नवी असूनही जुनी असते, कारण ती आपोआप उतरत जाते. दोन्ही एकाच महिन्याच्या होत्या. भार देऊन दोन्ही तपासल्या आणि मगच बसवल्या. जुनी जोडी त्याने वजनावर परत घेतली. २००१ च्या नियमांपासून विक्रेत्यांवर ही जबाबदारी आहे आणि २०२२ च्या नव्या नियमांनी ती उत्पादकांवर अधिक ठामपणे टाकली आहे. शिसे पुन्हा वितळवून वापरता येते, कचऱ्यात गेले तर ते विष. बाकी पथ्ये थोडकी: बाहेरून आल्यावर त्याच दिवशी भारणाला लावायचे, पूर्ण उतरू द्यायची नाही, आणि उन्हात गाडी उभी करायची नाही; तापमान दहा अंशांनी चढे राहिले तर या बॅटरीचे आयुष्य निम्म्यावर येते, असा ठोकताळा आहे.

मावशीने बॅटरीच्या डब्यावर मार्करने तारीख लिहिली आणि एक वही घातली. तीत तारीख, कुठे, किती अंतर, परत आल्यावर काटा कुठे, एवढ्याच नोंदी. मागच्या महिन्यात तिच्याकडे गेले तेव्हा मी ती चाळली. वाचकमंडळाचे रविवार अपेक्षितच होते. पण मधल्या वारी काही वेगळी ठिकाणे दिसली: एका जुन्या विद्यार्थिनीचे घर, दिवाळीच्या पहाटे फडके रोड, एकदा नुसतेच ‘ठाकुर्लीच्या बाजूला, सहज’. त्या नोंदीपुढे अंतर साडेचार किलोमीटर आहे, आणि काट्याच्या रकान्यात लिहिले आहे: हिरवा.